फ्लॉरेन्समध्ये लूसीला काय झालं?

कादंबरीतल्या तरुण पात्राला परदेशी पाठवलं की त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो, असं समीक्षक फार सहज म्हणून जातात. यामागची कल्पना सरळ आहे. घरी असताना माणसाचं बरंचसं वागणं आधीच ठरून गेलेलं असतं: कोणाशी किती बोलायचं, कोणाच्या घरी जायचं, कशाला सुंदर म्हणायचं, कशाकडे पाहून नाक मुरडायचं. हे घराने आणि शेजारपाजाराने ठरवून दिलेलं असतं. परक्या गावात तो धाक नसतो, म्हणून तिथे माणूस जसा आहे तसा दिसतो. मला हे स्पष्टीकरण अर्धंच पटतं. परदेशी जाणारा तरुण घरचा धाक मागे ठेवत नाही, सामानाबरोबर घेऊन जातो. शिवाय त्याच्या सोबतीला घरचं एखादं वडीलधारं माणूस बहुधा असतंच. परक्या गावात फरक पडतो तो एवढाच, की जिच्याबद्दल घरून काहीच शिकवून पाठवलेलं नाही अशी एखादी गोष्ट तिथे अवचित समोर येते. त्या क्षणी मनात जे उमटतं ते खरोखर त्याचं स्वतःचं असतं. पण स्वभाव कळतो तो त्याच्या पुढच्या क्षणी. जे उमटलं ते तो कबूल करतो, दडपतो, की दुसऱ्याच्या शब्दांत गुंडाळून घरी नेतो, यावरून. हे मला सगळ्यात स्वच्छ दिसतं ते ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराच्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’मध्ये.

केंब्रिजचं शिक्षण संपवून फॉर्स्टर १९०१ साली आईबरोबर इटलीला गेला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. इंग्रज प्रवासी तिथे ‘पेन्शन’मध्ये उतरत, म्हणजे जेवणखाणासह खोली देणाऱ्या घरगुती निवासात. लूसी नावाच्या मुलीची गोष्ट त्याला याच प्रवासाच्या काळात सुचली; मधे दोन कादंबऱ्या छापून झाल्या आणि ही १९०८ साली बाहेर आली. सरे परगण्यातल्या खात्यापित्या घरातली लूसी हनीचर्च फ्लॉरेन्सला आली आहे. सोबतीला शार्लट बार्टलेट, नात्यातली वयस्कर, अविवाहित बहीण. शार्लटच्या प्रवासखर्चाचा काही भाग लूसीच्या आईने उचललेला आहे, त्यामुळे मुलीवर लक्ष ठेवणं हे शार्लटला कर्तव्य वाटतं आणि त्या उपकाराचं ओझंही तिच्या प्रत्येक वाक्यात जाणवतं. तिसरा सोबती म्हणजे पुस्तक. कार्ल बेडेकर या जर्मन प्रकाशकाने सुरू केलेल्या लाल पुठ्ठ्याच्या प्रवासमार्गदर्शिका तेव्हा प्रत्येक पर्यटकाच्या हातात असत. कोणतं चर्च पाहायचं, त्यातलं कोणतं चित्र थोर, हे त्यात लिहिलेलं असे, आणि विशेष पाहण्याजोग्या गोष्टींपुढे तारा छापलेला असे. काय पाहून भारावून जायचं हे प्रवासी निघण्याआधीच ठरलेलं असे.

कादंबरीची सुरुवात एका तक्रारीने होते. दक्षिणेकडच्या, नदी दिसणाऱ्या खोल्या देण्याचं कबूल करून मालकिणीने या दोघींना चौकाकडच्या खोल्या दिल्या आहेत. ही मालकीणही लंडनच्या बोलीत बोलणारी. जेवणघराच्या भिंतीवर दिवंगत राणीची तसबीर, शेजारी दिवंगत राजकवीची, आणि इंग्रजी चर्चची सूचना. हे तर लंडनच झालं, असं लूसीला वाटतं आणि ती हिरमुसते. तेवढ्यात समोर बसलेले एक म्हातारे गृहस्थ, मिस्टर एमर्सन, आपल्या आणि मुलाच्या नदीकडच्या खोल्या देऊ करतात. आम्हां पुरुषांना देखाव्याचं काय, असं त्यांचं साधं म्हणणं. ओळख नसताना असं बोलणं शार्लटला असभ्य वाटतं. एका पाद्र्याच्या मध्यस्थीने शेवटी अदलाबदल होते. तरुण मुलाची खोली लूसीला देणं बरं दिसणार नाही म्हणून ती शार्लट स्वतः घेते. मग फॉर्स्टर एकाच रात्री दोघींना आपापल्या खोलीत दाखवतो. लूसी खिडकी उघडून रात्रीची हवा छातीभर घेते. शार्लट खिडकीची दारं लावून घेते, खोलीला कुलूप घालते आणि कपाटं कुठे उघडतात, कुठे चोरवाट तर नाही ना, हे फिरून पाहते. गाव तेच, घर तेच, रात्र तीच. स्वभावाबद्दल लेखकाने एक शब्दही सांगितलेला नाही.

इथेच एक आक्षेप येऊ शकतो. या प्रतिक्रिया व्यक्तीच्या कशावरून? त्या वर्गाच्याही असू शकतात. पैसा आणि सवड असलेल्या इंग्रज बाईने इटलीत असंच वागायचं अशी तेव्हाची रीत असेल. आक्षेप वजनदार आहे, आणि फॉर्स्टरला तो ठाऊक असावा असं मला वाटतं, कारण त्याने एकाच वर्गाची अर्धा डझन माणसं एकाच जेवणाच्या टेबलाभोवती बसवली आहेत. मिस लॅव्हिश कादंबऱ्या लिहिते, बेडेकरचा तिरस्कार करते आणि खरी इटली गल्लीबोळांत असते असं सांगत लूसीला घेऊन निघते. तिला समोरचा माणूस दिसत नाही, त्याचा पुस्तकात होणारा उपयोग दिसतो. टेबलाबाहेर रेव्हरंड ईगर, फ्लॉरेन्समध्ये कायम राहणारे पाद्री. इतर पर्यटक कसे उथळ असतात हे सांगण्यात त्यांचा बराच वेळ जातो. वर्ग एक, भाषा एक, धर्म एक. तरीही त्याच शहराने प्रत्येकाकडून वेगळं काही काढून घेतलं आहे. वर्गाने प्रतिक्रियेचा साचा दिला हे खरं, पण त्या साच्यात कोण किती मावतं आणि कोण कुठून बाहेर सांडतं, हे प्रत्येकाचं निराळं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लूसी खिडकीतून वाकून पाहते: नदीच्या वाळूत फावडी आणि चाळण्या घेऊन राबणारी माणसं, बाहेरच्या फळीवर गर्दी करून उभ्या राहिलेल्या लोकांची ट्राम, मागे लोंबकळणारी पोरं. यातल्या कशालाही बेडेकरमध्ये तारा नाही. शार्लट येऊन हटकेपर्यंत ती पाहतच राहते.

सांता क्रोचे चर्चमधला प्रसंग या दृष्टीने फार बारकाईने वाचण्यासारखा आहे. मिस लॅव्हिश लूसीला चर्चच्या दाराशी सोडून कोणा ओळखीच्या म्हाताऱ्यामागे धावते, आणि जाताना लूसीचं पुस्तकही तिच्याबरोबर जातं. लूसीला रडू यायला लागतं. आत शिरल्यावर तिला पहिल्यांदा वाटतं की ही जागा एखाद्या धान्याच्या कोठारासारखी आहे आणि भयंकर गार आहे. हे तिचं स्वतःचं मत, आणि खोटं मुळीच नाही. पण लगेच तिच्यातली शिकवलेली मुलगी जागी होते. इथे जोत्तोची भित्तिचित्रं आहेत, त्यांच्यापुढे योग्य ते वाटून घ्यायची तिची तयारी आहे, पण ती कोणती हे सांगायला कुणी नाही. कलासमीक्षक रस्किनने वाखाणलेली थडगी यांतली कोणती हेही कळायला मार्ग नाही. कोणाचं, केव्हाचं हे ठाऊक नसलेल्या शिल्पाला चांगलं म्हणायचं धाडस होत नाही. आणि मग हळूहळू ती रमते. भिंतीवरच्या इटालियन पाट्या जुळवून वाचते: कुत्री आत आणू नयेत, थुंकू नये. पर्यटकांची थंडीने लाल झालेली नाकं पाहते. तीन लहान मुलं एकमेकांवर पवित्र पाणी शिंपडत येतात आणि मॅकियाव्हेलीच्या स्मारकाला संत समजून डोकं टेकवतात. त्यातलं एक धडपडतं, जमिनीवर कोरलेल्या बिशपच्या मूर्तीत पाय अडकून पडतं. लूसी सावरायला धावते. रस्किनने ज्या थडग्यांची तारीफ केली त्यांपैकीच हे एक आहे, पण या क्षणी तिला तिथे फक्त पडणारं मूल दिसतं. माझ्या मते संपूर्ण पुस्तकात लूसीचा मूळ स्वभाव इतक्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो. ती धावणारी मुलगी आहे. पण तेवढ्यावर फॉर्स्टर थांबत नाही. थोड्याच वेळात मिस्टर एमर्सन तिच्याजवळ मन मोकळं करतात. माझ्या मुलाला जगण्याचं कोडं सुटत नाही, तो दुःखी आहे, त्याला समजून घे, असं कळवळून सांगतात. म्हाताऱ्याचं हे बोलणं लूसीला आतून हलवून जातं, आणि तरीही ती उत्तर देते ते घरच्या दिवाणखान्यातलं: त्याला काही छंद लावा, माझ्या भावाला पोस्टाची तिकिटं गोळा करण्याचा फार फायदा झाला. मुलासाठी धावणारी लूसी आणि तिकिटांचा सल्ला देणारी लूसी यांच्यात मिनिटांचंच अंतर आहे. दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोघींपैकी वरचढ कोण ठरणार हाच कादंबरीचा विषय आहे.

यानंतरचा मोठा प्रसंग सिन्योरिया चौकातला. बेथोव्हेन वाजवून मन उचंबळलेली लूसी संध्याकाळी एकटीच बाहेर पडते. घरच्यांना आवडणार नाही असं काहीतरी करावं अशी ऊर्मी तिला आली आहे, आणि त्या ऊर्मीचं ती काय करते, तर अलिनारीच्या दुकानातून चित्रांची छायाचित्रं विकत घेते. त्यात बोत्तिचेल्लीची ‘व्हीनसचा जन्म’ आहे. विवस्त्र व्हीनसमुळे चित्र बिघडलं असं शार्लटचं मत पडलं होतं आणि तिने ते घेऊ दिलं नव्हतं. बंड म्हणावं तर एवढंसंच, दुकानात मिळणारं आणि पाकिटात मावणारं. आपल्या आयुष्यात कधी काही घडत नाही, असं म्हणत ती चौकात येते. तिथे पाच लिरांच्या उधारीवरून दोन माणसांची बाचाबाची चाललेली असते. एकाच्या छातीवर वार होतो, तो काही सांगायचं असल्यासारखा लूसीकडे वळतो, आणि त्याच्या ओठांतून रक्त येतं. लूसी बेशुद्ध पडते आणि शुद्धीवर येते ती जॉर्ज एमर्सनच्या हातांत. तिच्या तोंडून पुढे जे निघतं ते मला फार बोलकं वाटतं: माझी छायाचित्रं राहिली, आणाल का? एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत मेला आहे आणि ती खरेदीची आठवण काढते. याला कोरडेपणा म्हणता येणार नाही, कारण छायाचित्रांचं निमित्त करून जॉर्जला दूर पाठवायचं आणि तेवढ्यात निसटायचं असा तिचा बेत आहे. म्हणजे आपल्यावर काय गुदरलं हे तिला पुरतं कळलं आहे. कळलं आहे म्हणूनच ती पळते. जॉर्ज तिला गाठतो, आणि चालता चालता ती छायाचित्रं आर्नो नदीत भिरकावून देतो. का, असं तिने विचारल्यावर जरा अडखळत सांगतो की त्यांवर रक्त लागलं होतं. काहीतरी प्रचंड घडलं आहे आणि त्याला सामोरं जायचं आहे, असं त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं, मी बेशुद्ध पडले हे कृपा करून कुणाला सांगू नका, लोक बोलतात.

प्रसंग दोघांवरही एकच ओढवला होता. जॉर्जने तो कबूल केला, लूसीने तो झाकायला घेतला. दुसऱ्या दिवशी एमर्सन पितापुत्रांसोबत फिरायला जायची संधी असताना ती शार्लटबरोबर बाजारात जाणं पसंत करते. पुढे फिएझोलेच्या टेकडीवर जॉर्ज तिचं चुंबन घेतो, शार्लट ते पाहते, आणि सकाळच्या गाडीने दोघी रोमला निघून जातात. तिथे भेटलेल्या सेसिल व्हाइसशी लूसीचं लग्न ठरतं, तेही त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर. सेसिलने इटली पुष्कळ पाहिली आहे, पण लूसीकडे तो लिओनार्दोच्या चित्राकडे पाहावं तसा पाहतो. शेवटचं प्रकरण सोडलं तर कादंबरीचा दुसरा भाग सगळा इंग्लंडमध्ये घडतो, आणि त्यातल्या सलग चार प्रकरणांच्या शीर्षकांत लूसी कोणाकोणाशी खोटं बोलली याची नोंद आहे: आधी जॉर्जशी, मग सेसिलशी, मग पेन्शनमध्ये भेटलेला तो पाद्री, आई, भाऊ आणि नोकरांशी, शेवटी म्हाताऱ्या एमर्सनशी. सेसिलशी लग्न मोडताना ती त्याच्यावर जो नेमका आरोप करते, तो जॉर्जच्या तोंडून ऐकलेला आहे. म्हणजे आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य बोलतानाही शब्द उसने. आणि स्वतःपासून सुटायला ती काय शोधते, तर आणखी एक परदेश. दोन वृद्ध बहिणींबरोबर ग्रीसला जायचं ती ठरवते. परदेश माणसाला खरं बोलायला लावतो असं मानणाऱ्यांनी हा ग्रीसचा बेत नीट पाहावा. इथे प्रवासाचं तिकीटच खोटं बोलण्याचं साधन झालं आहे.

दुसरा आक्षेप असा, की परक्या गावात माणूस थकलेला, बावरलेला असतो; तेव्हाच्या वागण्यावरून स्वभाव ठरवणं अन्यायाचं आहे. याचं उत्तर मला जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेच्या ‘मिडलमार्च’मध्ये सापडतं. ही कादंबरी १८७१–७२ मध्ये भागाभागाने छापली गेली, आणि एलियटने स्वतः १८६० साली रोम पाहिलं होतं. तिची नायिका डोरोथिया मधुचंद्रासाठी रोमला येते आणि भाड्याच्या घरात एकटीच हुंदके देऊन रडते. थकवा, परकेपणा, निराशा, सगळं तिथे आहे. पण त्याच अवस्थेत ती जे प्रश्न विचारते ते दुसऱ्या कुणाला सुचले नसते. कलेवर झालेला हा अफाट खर्च जगाचं आयुष्य सुधारत नाही, याचं तिला दुःख होतं. नवरा कॅसॉबन तिला राफाएलची भित्तिचित्रं पाहायला सुचवतो, बहुतेकांना ती पाहण्याजोगी वाटतात म्हणून. ती विचारते, पण तुम्हाला ती आवडतात का? तो सांगतो की त्यांना मोठी मान्यता आहे. पंचेचाळिशी ओलांडलेला विद्वान नवरा मान्यतेपलीकडे काही बोलू शकत नाही, आणि विशीतली बायको मान्यतेवर थांबू शकत नाही. हे लग्न कसं होणार ते त्या एका संवादात कळतं. आणि एलियट, फॉर्स्टर दोघेही आपल्या मुलींना घरी परत आणतात, हे महत्त्वाचं. परदेशातलं वागणं घरच्या जमिनीवर पुन्हा घासून पाहिल्याशिवाय त्यांनी निकाल दिलेला नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात टोचतो. या कादंबऱ्यांत इटली ही इंग्रज मुलीच्या मनासाठी टांगलेला पडदा होते. चौकात मेलेल्या माणसाला नाव नाही, त्याच्यामागे कोण राहिलं याचा पत्ता नाही. तो मेला तो लूसीला जाग यावी म्हणून. हा दोष मी नाकारत नाही. पण फॉर्स्टर तिथे थांबला नाही. १९१२–१३ मध्ये तो हिंदुस्थानात आला, आणि १९२१ साली काही महिने देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस होता. हे मराठा घराणं, आणि महाराजांचं लग्न कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्येशी झालेलं. तिथली गोकुळाष्टमी त्याने आतून पाहिली, आणि १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागात जो जन्माष्टमीचा सोहळा आहे, ज्यात तुकारामाच्या नावाचा गजर चालतो, तो तिथूनच आला. या कादंबरीत परदेशी आलेली तरुणी आहे अ‍ॅडेला क्वेस्टेड. तिला खरा हिंदुस्थान पाहायचा आहे; मिस लॅव्हिशची हौस, पण जास्त प्रामाणिक. इथे मात्र तिच्या बावरण्याची किंमत दुसरा माणूस मोजतो: मारबारच्या गुहेत काय झालं हे तिलाच उमगत नाही, आणि डॉक्टर अझीझला अटक होते. त्याला नाव आहे, मुलं आहेत, मित्र आहेत, अभिमान आहे. अ‍ॅडेलाचा स्वभाव गुहेत कळत नाही. तो कळतो भर कोर्टात, जेव्हा सगळा गोरा समाज तिच्या पाठीशी उभा असताना ती आपला आरोप मागे घेते. लग्न मोडतं, आपले लोक तोडतात, हिंदुस्थानी लोकही जवळ करत नाहीत. लूसी जे चार प्रकरणं टाळत राहिली ते ती एका दुपारी करते.

शार्लटबद्दल मात्र मला अजून बोलायचं आहे, कारण माझ्या म्हणण्याला सगळ्यात अवघड परीक्षा तीच घालते. फ्लॉरेन्सने तिच्यावर काहीच परिणाम केला नाही असं पुस्तकभर वाटत राहतं. ती दारं लावते, झाकते, पळवून नेते. पण टेकडीवरच्या चुंबनाची गोष्ट मिस लॅव्हिशला सांगते तीच, आणि इतक्या तपशिलाने सांगते की ती छापील कादंबरीत उतरते. शेवटच्या प्रकरणात लूसी आणि जॉर्ज लग्न करून त्याच पेन्शनमध्ये आले आहेत, आणि जॉर्ज एक गोष्ट उलगडतो. त्या पाद्र्याच्या इंग्लंडमधल्या घरी लूसीची आणि त्याच्या वडिलांची जी भेट झाली, जिच्यात लूसीचं खोटं अखेर कोसळलं, ती शार्लट टाळू शकली असती. म्हातारा आत बसला आहे हे तिने लूसी येण्याच्या जरा आधी पाहिलं होतं, आणि ती काही न बोलता निघून गेली. लूसीला हे आधी पटत नाही. मलाही पहिल्या वाचनात पटलं नव्हतं, आता पटतं. लूसी खोटं बोलत असतानाच्या दिवसांत तिच्या आईने तिला म्हटलं होतं की तू हुबेहूब शार्लटसारखी वागायला लागलीस. म्हणजे शार्लट ही फ्लॉरेन्सने न हललेली बाई नाही, फार पूर्वी कधीतरी हललेली आणि ते आयुष्यभर कुणालाही कळू न दिलेली बाई असावी. तिच्या तारुण्यात काय घडलं होतं ते फॉर्स्टर सांगत नाही. पण म्हाताऱ्याला पाहून ती ज्या दारातून गुपचूप परतली, ते दार तिने या वेळी लावून घेतलं नाही.